ड्रमखालचा गालिचा

मित्रांनो, माझ्यावर बसायचं तर खुशाल बसा. फक्त आधी हात फिरवून बघा, काही टोचत तर नाही ना. ही शिस्त मला एका आईने लावली आणि तिच्याच पायी मी इतिहासात गेलो. नाहीतर माझ्यासारख्या जुन्या, विटलेल्या गालिच्याला कोण विचारतो?

आमच्या बँडचे चाहते माझ्याबद्दल काय काय सांगतात! म्हणे मी एका राजवाड्यातून आलो. म्हणे मला चाळीस विणकरांनी विणलं. छे हो! मी यंत्रावर विणला गेलो आणि एका दातांच्या दवाखान्यात, वाट बघणाऱ्यांच्या खोलीत पडून होतो. त्यांनी फरशी बदलली त्याच दिवशी आमचा ड्रमर दाढ काढायला आला होता. सुजलेल्या गालाने त्याने मला खांद्यावर टाकलं. तोंडात कापूस असल्यामुळे ‘नेऊ का?’ हेही त्याने हातवारे करूनच विचारलं.

ड्रमरला गालिचा कशाला, असं तुम्हांला वाटेल. पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम असतो ना, तो भारी अवखळ. प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकतो. म्हणून माझ्यावर एक लाकडी पट्टी चार स्क्रूंनी पक्की केली होती. ड्रम तिला टेकून निमूट बसायचा. बँडमध्ये गायक नाचतो, गिटारवाला उड्या मारतो. कुणीतरी जागेवर राहायला हवंच. ते काम ड्रमरचं, आणि ड्रमरला जागेवर ठेवायचं काम माझं.

पण या जागेवर राहण्याचं फळ काय? आमचा गायक सहा फूट उंच, त्यावर वीतभर केस, आणि अंगात पंखांसारखा झगा. तो उभा राहायचा बरोब्बर आमच्यापुढे. त्याने हात पसरले की ड्रमर गुडूप. लोकांना दिसायची ती दोन काड्यांची टोकं.

ड्रमरची मुलगी खारू सात वर्षांची होती. पुढचे दोन दात पडलेले, पण तोंड चालू. ती एकदा शाळेतून आली ती थेट माझ्यावर पालथी पडून रडू लागली.

“सगळ्या म्हणतात, तुझे बाबा बँडमध्ये नाहीतच. ते नुसते खोकी उचलतात!”

“अगं, मी ऐकू तर येतो ना?” ड्रमर म्हणाला.

“ऐकू काय, कुणीपण येतं!”

शेवटी असं ठरलं, की येत्या रविवारी संध्याकाळी मैदानावरच्या कार्यक्रमाला खारूने वर्गातल्या तिघींना आणायचं. बाबा दिसले तर खारू खरी. नाही दिसले तर वर्षभर खोटारडी. ड्रमरने गायकाला विनवलं, “एका गाण्यापुरता जरा बाजूला उभा राहा रे.” गायक म्हणाला, “बघू.” मित्रांनो, मोठी माणसं ‘बघू’ म्हणतात तेव्हा काय होतं, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कार्यक्रम नसला की मी त्यांच्या घरात अंथरलेला असायचो. नेमका त्याच आठवड्यात खारूचा धाकटा भाऊ रांगायला लागला. त्याची आई फार जपणारी. बाळाला काय काय लागेल हे बघायला ती स्वतः पोटावर झोपून खोलीभर रांगली! टेबलाच्या कोपऱ्यांना तिने चिंध्या बांधल्या. मग माझ्यावरून हात फिरवला आणि किंचाळली, “अगं बाई, स्क्रू!”

शनिवारी दुपारी तिने पट्टी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. ड्रमरला सांगायचं, असं ती दोनदा पुटपुटलीही. इतक्यात बाळ शिंकलं. मग काय, थर्मामीटर, दुसरं थर्मामीटर, डॉक्टरांना फोन. बाळाला काही नव्हतं. पण पट्टी तिच्या डोक्यातून साफ गेली.

रविवारी मंचावरच्या कामगारांनी मला पसरलं, माझ्यावरच्या खुणा बघून ड्रम मांडला. पट्टीची जागा ड्रमच्या पुढच्या अंगाला, स्टुलावर बसलेल्या ड्रमरला ती कधी दिसतच नसे. त्यातून मंच पुढच्या बाजूला किंचित उतरता.

सुरुवातीची गाणी संथ होती. मी जीव मुठीत धरून ड्रमला धरून ठेवलं. शेवटचं गाणं मात्र असं काही पळालं, की ड्रम निघालाच! ड्रमर थांबू शकत नव्हता. ताल थांबला की सगळंच थांबलं. तो एक ठोका मारी, स्टूल पुढे ओढी, पुन्हा ठोका. माझ्या काठापर्यंत मी शर्थ केली. पुढे गुळगुळीत फळ्या. गेला!

मंचाच्या कडेला बाळाला कमरेवर घेऊन उभ्या असलेल्या आईने कपाळावर हात मारला. “पट्टी!”

डोळे मिटून तीन पावलं मागे येणं ही गायकाची शेवटच्या गाण्यातली खास अदा. तो मागे आला आणि थेट ड्रमवर बसला. दचकून उठला, झगा अडकला, टर्रकन फाटला, आणि गडी बाजूला झाला. मंचाच्या ऐन मध्यावर, सगळ्यांच्या पुढे, घामाने थबथबलेला आमचा ड्रमर!

“बाबा!” खारूची आरोळी मला मागे पडल्यापडल्या ऐकू आली. “ते बघा! ते माझे बाबा!”

मैदान दुमदुमलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, ‘ड्रमरचं बंड!’

घरी आईने मान खाली घालून कबुली दिली. “अरे, पट्टी मी काढली. तुला सांगायचं राहिलं. उद्या लावते.”

ड्रमर मांडीवर झोपलेल्या खारूकडे बघत म्हणाला, “खबरदार लावलीस तर.”

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला ड्रम पुढे यायचा. लोक त्यासाठीच तिकीट काढायचे. माझे धागे उपटून नेणारेही निघाले. मग बऱ्याच वर्षांनी बँड मोडला. ड्रम संग्रहालयात काचेच्या पेटीत गेला, ‘बंडाचा ड्रम’ म्हणून. मी मात्र माळ्यावर, गुंडाळलेला. अकरा वर्षं धूळ खाल्ली. कसर लागली. उंदरांनी एक कोपरा नेला.

गेल्या महिन्यात खारूने मला खाली काढलं, दोन दिवस उन्हात घातलं. तिची मुलगी आता रांगते. खारूने माझ्यावरून हात फिरवला, चार भोकं तिच्या बोटांना लागली आणि ती हसली. तिची आई स्टुलावर चढली आणि कपाटावरून वर्तमानपत्राची पिवळी पुरचुंडी काढून म्हणाली, “काय गं, लावायची का परत?”

“आई!”

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना माळ्यावर विसरू नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि कुठे गाणंबजावणं बघायला गेलात, तर टाचा उंचावून सगळ्यात मागे कोण बसलंय ते जरूर बघा. त्याची मुलगीही तुमच्याच रांगेत असेल.