पहिला ग्लास

शहराला रोज सकाळी सहा वाजता पाणी सुटायचे, आणि ते सुटण्याआधी त्यातला एक ग्लास कुणीतरी प्यायचा, असा नगरपालिकेचा जुना नियम होता. प्रयोगशाळेचा निकाल यायला दुसरा दिवस उजाडतो; जीभ लगेच सांगते. बावीस वर्षे तो ग्लास चावीवाल्याची बायको प्यायली. नोकरीच्या कागदावर तिचे पद 'पाणी तपासनीस' असे होते. नवरा मोठ्या नळाचे चाक फिरवून पाणी सोडायचा, म्हणून त्याला सगळे चावीवाला म्हणत.

काम दोघांचे मिळून पाच मिनिटांचे. पंपघरात तो ग्लास भरून कट्ट्यावर ठेवायचा आणि पाठ फिरवून चाकापाशी उभा राहायचा. पाठ अशासाठी, की पहिल्याच आठवड्यात तिने सांगितले होते, कुणी तोंडाकडे बघत असले की मला चवच लागत नाही. ती एक घोट तोंडात धरून छताकडे बघायची, गिळायची, उरलेले पिऊन टाकायची, ग्लास विसळून उपडा ठेवायची आणि म्हणायची, "उघडा." मग तो चाकाला चौदा फेरे द्यायचा. कट्ट्याशेजारी तिच्यासाठी एक लाकडी स्टूल होते. त्याचा एक पाय आखूड होता आणि कुणी बसले की ते करकरायचे. पण तिला बसायला कधी सवडच झाली नाही. उभ्याने पाणी प्यायची आणि घरच्या कामाला पळायची.

बावीस वर्षांत दोनदाच तिने घोट थुंकला. दोन्ही वेळा उरलेले पाणी मोरीत ओतले, ग्लास आडवा ठेवला आणि काही न बोलता बाहेर गेली. दोन्ही वेळा वरच्या टाकीत घाण निघाली. शहराला यातले काही कळले नाही. पाणी तीन तास उशिरा आले म्हणून लोकांनी दोघांना शिव्या घातल्या, एवढेच. "आपलं काम असंच," ती म्हणायची, "काही झालं नाही, की झालं."

सुट्टी मात्र तिला मिळाली नाही. बदली माणूस नव्हता. अंगात ताप असला तरी ती यायची. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी ग्लास पिऊन मग लग्नाला गेली. "एक दिवस तरी मला नुसतं बसू द्या हो," असे वर्षातून एकदा म्हणायची. पुढच्या महिन्यात साहेबांशी बोलतो, असे तो म्हणायचा. बावीस वर्षे तो पुढचा महिना आला नाही.

मागच्या थंडीत ती झोपेतच गेली. तिची जागा भरली नाही. साहेबांनी सांगितले, तूर्त ग्लास भरा आणि ओतून द्या, वहीत सही मी करतो. चौथ्या दिवशी चावीवाला कामावर आला. त्याने ग्लास भरला, सवयीने कट्ट्यावर ठेवला, सवयीने पाठ फिरवली. वळून बघतो तर ग्लास विसळलेला, उपडा, कडेभोवती पाण्याचे ओले वर्तुळ.

त्याने त्या वर्तुळावर बोट टेकवून बघितले. मग चाकाला चौदा फेरे दिले, कारण सगळे शहर नळाशी थांबले होते.

पुढे अकरा महिने रोज हेच चालले. लेकीला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, बाबा, मांजर पीत असेल.

"मांजर ग्लास विसळून ठेवत नाही गं," तो म्हणाला.

यावर तिने, माझ्याकडे चार दिवस येऊन राहा, असा धोशा लावला. तो गेला नाही. चार दिवस ग्लास कोण भरणार? दिवसभर घर खायला उठायचे. सकाळची ती पाच मिनिटे होती म्हणून तो अंथरुणातून उठत होता.

त्या वर्षी नगरभूषण ठरवायची वेळ आली. नगरपालिकेचा हा सगळ्यात मोठा मान. चावीवाल्याने बायकोच्या नावाने अर्ज केला. कचेरीतल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "काका, उमेदवार हयात आहे का, असं विचारलंय. तुम्ही लिहिलंय, कामावर आहे."

"आहेच," चावीवाला म्हणाला.

समिती पाच जणांची होती. नगराध्यक्ष, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, एक शिंपी आणि दोन नगरसेवक. मान रुग्णालयाला इमारत बांधून देणाऱ्या शेठजींना जाणार हे उघड होते. त्यांच्या गौरवाचे भाषणही लिहून तयार होते. अध्यक्षांनी चावीवाल्याला बोलावून समजुतीने सांगितले, की पाचही जणांनी उमेदवाराला कामावर असताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मान देता येत नाही. नियमच तसा आहे, आमचा इलाज नाही. नियम सांगितला की म्हातारा मुकाट घरी जाईल, असे त्यांना वाटले.

"मग या की," तो म्हणाला. "सहाच्या आधी या."

अध्यक्ष हसून विषय मोडणार होते. पण मुख्याध्यापिकाबाईंनी आठवण करून दिली, की शेठजींची इमारत बघायला आपण पाचही जण गेलो होतो आणि तिथे चहाही प्यालो होतो. मग जाणे भागच पडले.

पंपघरात पाच माणसे कशीबशी मावली. चावीवाल्याने ग्लास भरून कट्ट्यावर ठेवला आणि सगळ्यांना पाठ फिरवायला सांगितले.

"वहिनींना उशीर झाला तर पगार कापता काय?" शिंपी पुटपुटला. पंपाची घरघर तेवढी चालू होती.

ते वळले तेव्हा ग्लास भरलेलाच होता.

चावीवाल्याचे तोंड उतरले. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अध्यक्षांनी घड्याळ बघितले आणि हळू आवाजात म्हणाले, "चला, उघडा आता. लोक खोळंबलेत."

"ती प्यायली नाही," चावीवाला म्हणाला. "तिनं सांगितल्याशिवाय मी कधी उघडलं नाही."

"याआधी ग्लास असा राहिला होता?" बाईंनी विचारले.

"एकदाही नाही."

अध्यक्ष वैतागले. मी पितो, म्हणजे तुमचा नियम पाळल्यासारखा होईल, असे म्हणून त्यांनी ग्लास उचलला. तो ओठांपर्यंत गेला नाही. छातीपाशीच अडला. त्यांनी जोर लावला, दुसरा हात लावला. पाणी जराही हिंदकळले नाही. समोरून कुणीतरी तो ग्लास शांतपणे धरून ठेवावा, तसे दिसत होते. अध्यक्षांनी घाबरून दोन्ही हात सोडले.

ग्लास पडला नाही. तो मोरीपाशी सरकला, कलला. पाणी सावकाश ओतून झाले. मग तो कट्ट्यावर आडवा झाला.

चावीवाल्याने चाकाला कुलूप घातले.

दुपारपर्यंत साहेबांना कारण सापडले. वरच्या कालव्यात कीटकनाशकाचे पिंप पडून फुटले होते. संध्याकाळी समिती बसली. शेठजींचा विषय निघालाच नाही. छापील कागदावर एक ओळ होती: 'आम्ही उमेदवारास कामावर असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.' पाचही जणांनी त्याखाली सही केली. शिंप्याला सही करायला तीन वेळा पेन टेकवावे लागले. इतिवृत्तात 'एकमताने' एवढेच लिहिले.

बाहेर व्हरांड्यात अध्यक्ष चावीवाल्याला म्हणाले, "मान मंचावर येऊन हातात घ्यावा लागतो. कोण येणार घ्यायला?"

"तिला विचारतो," तो म्हणाला. आणि तिने काय मागितले होते, ते त्याला आठवले. मान तिने कधीच मागितला नव्हता. अकरा महिने तो रोज ग्लास भरत होता, आणि त्याने भरला म्हणून ती येत होती. मेल्यावरसुद्धा त्याने तिला एक खाडा करू दिला नव्हता.

दोन दिवसांनी कालवा धुऊन झाला. चावीवाला नेहमीसारखा पावणेसहाला आला. त्याने ग्लास भरला. पण कट्ट्यावर ठेवला नाही. पाठही फिरवली नाही. एक घोट तोंडात धरला, छताकडे बघितले. पाण्याला कसलीच चव नव्हती. उरलेले पाणी पिऊन, ग्लास विसळून त्याने उपडा ठेवला.

"आज मी प्यायलो," तो रिकाम्या खोलीला म्हणाला. "उद्याही पितो. तू बस."

खोलीत काही हलले नाही. तो चाकाकडे गेला आणि फेरे मोजू लागला. चौदावा फेरा पुरा होत आला तेव्हा मागे स्टूल करकरले.

त्याने वळून बघितले नाही.