पुळणीवरची बस

फुकट मुक्काम कुठं टाकता येईल हे नाथाजीला लांबूनच कळायचं. जन्म फौजेत ड्रायव्हरकीत काढलेला गडी. पेन्शनीत आल्यावर त्यानं शाळेची एक जुनी बस घेतली, बाकडी उपटून काढली, आत खाट, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. पोराचं, जयराजचं, वर्षश्राद्ध उरकलं आणि तो बायकोला म्हणाला, "चल, समुद्र बघून येऊ." कऱ्हाडाखालच्या त्या कृष्णाकाठच्या गावानं तोंडात बोटं घातली. एकुलता पोरगा हायवेवर अपघातात गेला आणि ही दोघं सहलीला निघाली! लोकांचं काय जातंय, बोलायलाही फुकटच असतं.

मनुबाई मुकाट्यानं बसमध्ये चढली. चल म्हटलं, चालली. पोरगा गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. बायकांनी गळ्यात पडून पाहिलं, टोमणे मारून पाहिले, शेवटी 'दगड हाय बाई' म्हणून नाद सोडला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिच्या आत खरंच काही हलत नव्हतं.

कुंभार्ली घाट उतरून दोघं किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली निघाली. कधी गुरवाला विचारून देवळाच्या आवारात, कधी शाळेच्या मैदानात, कधी पेट्रोल पंपामागं मुक्काम. "फुकट ते पौष्टिक," नाथाजी रोज म्हणायचा आणि रोज तिच्या तोंडाकडं बघायचा. ती भाताचं ताट त्याच्यापुढं सरकवायची.

गुहागरच्या खालच्या एका गावात त्यानं बस थेट पुळणीवरच घातली. ओली वाळू डांबरासारखी घट्ट होती, पाणी पार लांब.

"हितं पानी येत न्हाई व्हय?" तिनं विचारलं, तेही आपलं सवयीनं.

"पावसाळा हाय का आता? आन् पानी चढायचं झालं तर आधी भोंगा वाजवत्यात की."

नदीकाठचं शहाणपण नदीपुरतंच. पाणी चढतं ते पावसानं, नाहीतर धरणातून सोडल्यावर, आणि सोडायच्या आधी गावोगाव भोंगा होतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं. समुद्राचा भोंगा कोण वाजवणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. तंबाखू आणतो म्हणून तो वर सुरूच्या बनाकडं गेला. ऊन कलायला लागलं तरी परतला नाही.

पाणी आलं. आधी चाकाला शिवून मागं गेलं, मग जायचं थांबलं. मनुबाई उघड्या दारातून बघत होती. उठावं, हाक मारावी, हे कळत होतं. पण भ्यायलासुद्धा जिवाची आस लागते, ती तिच्यापाशी नव्हती. पायरी बुडाली. चपला तरंगत बाहेर गेल्या. जाईनात का. पाणी घोट्याला लागलं तेव्हा गार वाटलं, एवढंच.

नाथाजी कमरेएवढ्या पाण्यातून आत आला. ओढाताण केली नाही की आरडाओरडा केला नाही. येऊन तिच्या शेजारी खाटेवर बसला.

"मला दिसत हुतं," मनुबाई म्हणाली. "मी हाक न्हाई मारली."

"मलाबी दिसत हुतं. एका कोळ्यानं मगाच सांगितलं, काका, भरती लागलीय, गाडी वर घ्या. व्हय म्हणलो आन् सुरूखाली बसून ऱ्हायलो."

"का?"

"तू उतरतीस का, ते बघत हुतो."

"आन् न्हाई उतरले तर?"

"म्हणून तर आलो. ऱ्हाऊ दोघंबी हितंच." मुक्कामाची जागा ठरवताना बोलायचा, तशाच आवाजात तो बोलला.

मनुबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. चेष्टा नव्हती. हा माणूस वर्षभर तिच्या तोंडाकडं बघत होता, ती जगणार का मरणार ते ठरेपर्यंत आपलं जगणं-मरणं अडवून धरून. तिला राग आला. इतका, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"आवं, लाज वाटती का? त्याच्यामागं मी आन् माझ्यामागं तुमी? आन् भादव्यात पोराचा म्हाळ कोण घालणार, तुमचा बाप?"

त्याचं मनगट धरून तिनं त्याला खाटेवरनं उठवलं आणि दारातून पाण्यात पाय टाकला. तळाची वाळू सरकली, लाट छातीवर आली. मनुबाई भ्याली. जीव जाईल म्हणून भ्याली.

"हात सोडू नगा," ती म्हणाली.