चुकीच्या नावाचे कुरव

काटेकाकांनी कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून पाहिला. समुद्रावरच्या त्या कुरव पक्ष्याचा डोळा फिकट होता आणि पंखाच्या काळ्या टोकावरचा पांढरा ठिपका स्वच्छ आला होता. म्हणजे हा तपकिरी डोक्याचा कुरव, यात तिळमात्र शंका नव्हती. मग त्यांनी फोटो मोबाइलवर घेतला, खाली लिहिलं, 'काळ्या डोक्याचा कुरव, धक्क्यावर', आणि लेकीला पाठवून दिला.

पाठवला की फोन खिशात टाकायचा आणि कामाला लागायचं, असं ते दर वेळी ठरवत. कसलं काय! एका हातात स्क्रू ड्रायव्हर आणि दुसऱ्या हातात फोन, असा त्यांचा सगळा दिवस जाई.

काकांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किनाऱ्यावर जिथे जिथे मासळीचा लिलाव होई, तिथले काटे खाऱ्या हवेनं सारखे रुसत आणि काकांना बोलावणं येई. पितळी वजनांची पेटी घेऊन ते एका बंदरातून दुसऱ्या बंदरात हिंडत. काटा एका ग्रॅमनं जरी खोटं बोलला तरी त्यांना चैन पडत नसे. "काका, मासळी तोलायची आहे, सोनं नाही," असं लिलाववाले म्हणत, तिकडे ते कानाडोळा करत. असा हा माणूस स्वतःच्या लेकीला धडधडीत खोटं कळवत होता, आणि तेही भारी मेहनत घेऊन.

त्याचं असं झालं. लेक पक्ष्यांचा अभ्यास करून शिकली आणि तिला लांबच्या एका बेटावर समुद्रपक्ष्यांची गणती करायची नोकरी लागली. ती निघायच्या आदल्या दिवशी घरी नातेवाईक जमले होते. काका रंगात आले होते. "आमच्या बाईसाहेबांना पाखरं मोजायचा पगार मिळणार," ते म्हणाले. "उद्या ढग मोजायलाही कुणीतरी ठेवील!" सगळे खो खो हसले. लेक ताटावरून उठली ती उठलीच. सकाळी बापाकडे न बघता तिनं बॅग उचलली.

"साधी थट्टा कळत नाही," काका म्हणाले खरे, पण घास त्यांच्याही घशाखाली उतरला नव्हता.

त्यानंतर रविवारी तिचा फोन यायचा तो आईला. काका त्याच खोलीत वर्तमानपत्र उघडून बसत आणि तासभर एकच पान वाचत. फोन ठेवल्यावर काकू सगळं सांगत: सर्दी झाली होती, खोलीचं छप्पर गळतंय, नवी मैत्रीण मिळाली आहे. काका "हं" म्हणत. आपल्याबद्दल तिनं काही विचारलं का, हे विचारायची त्यांची छाती नव्हती. विचारलं नसेल तर?

मग एकदा बंदरावर काम करताना खांबावर बसलेला एक पांढराशुभ्र पक्षी त्यांना दिसला. काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, 'छान बगळा' असं लिहिलं आणि डोळे मिटून लेकीला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं.

'बगळा नाही. कुरव.'

बस्स, एवढंच. पण तिनं घर सोडल्यापासून त्यांना मिळालेले हे पहिले शब्द होते. घरी जाऊन त्यांनी ते काकूंना दाखवले.

"अहो, पोरीनं चूक काढली तुमची," काकू म्हणाल्या, "आणि तोंड तर असं, जसं काही बक्षीसच मिळालंय."

दुसऱ्या दिवशी काकांनी मावळत्या सूर्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'आजची संध्याकाळ.' त्याला उत्तर नाही. होड्यांचा पाठवला, त्यालाही नाही. मग बगळ्याचा पाठवला आणि मुद्दाम लिहिलं, 'कुरव'. अर्ध्या तासात उत्तर! 'हा बगळा.' काकांना मेख कळली. लेक बापाचीच होती. बापाला चुकीचं वजन सहन होत नाही, तिला चुकीचं नाव सहन होत नाही.

पण चूक करणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. रोज बगळा आणि कुरव यांची अदलाबदल केली तर पोर एक दिवस वैतागून गप्प बसणार. चूक कशी, शहाण्या माणसाकडूनही व्हावी अशी हवी. म्हणून काकांनी लांब भिंगाचा जुना कॅमेरा घेतला, पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक घेतलं आणि परीक्षेला बसल्यासारखे ते पाठ करू लागले. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात दोघेही पांढऱ्या डोक्याचेच दिसतात. सुरय पक्षी कुरवासारखाच उडतो, पण त्याची शेपटी दुभंगलेली असते. बरोबर नाव कळल्याशिवाय त्याच्या शेजारचं चुकीचं नाव शोधता येत नाही. भल्या पहाटे ते ओल्या धक्क्यावर पोटावर झोपून कॅमेरा लावत, आणि मासळीवाल्या बायका टोपल्या सावरत त्यांना ओलांडून जात.

"तिला सरळ विचारा ना, कशी आहेस म्हणून," काकू म्हणत.

"आणि उत्तर नाही आलं तर?"



त्या दिवशी तपकिरी डोक्याच्या कुरवाला नेहमीप्रमाणे उत्तर आलं: 'डोळा बघा. तपकिरी डोक्याचा.' काका खुशीत काट्याकडे वळणार, तोच बर्फाच्या पेट्यांवर एक भलाथोरला पक्षी येऊन बसला. अंगभर तपकिरी चट्टे, चोच काळी, शेपूट मळकी. काकांनी धडाधड फोटो काढले आणि पुस्तक उघडलं. पानं उलटून उलटून थकले, पण हा काही त्यांना सापडेना. त्यांनी प्रथमच खरंखुरं लिहिलं: 'हा कोण आहे गं?'

उत्तर आलं नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. लॉजच्या खोलीत काकांनी फोनचा आवाज वाढवून ठेवला, मग बिघडला की काय म्हणून काकूंना फोन करायला लावून तपासला. फोन ठणठणीत होता. चूक केली तर ती बोलते आणि विचारलं तर गप्प बसते, म्हणजे आपण घाबरत होतो ते खरंच होतं, असं त्यांना वाटलं.

सकाळी न राहवून त्यांनी तोच फोटो पुन्हा पाठवला. खाली लिहिलं, 'पाणकावळा.' याहून ढोबळ चूक त्यांनी आजवर केली नव्हती.

या वेळी मेसेज आला नाही, फोन वाजला. लिलाव ऐन रंगात होता. काका काटा तसाच उघडा टाकून भिंतीच्या आडोशाला धावले.

"बाबा, पाणकावळा?"

तिचा आवाज थोडा जाड झाला होता.

"कालचं तरी खरं विचारलंत की तेही नाटक?" ती म्हणाली. "रात्रभर विचार करत होते मी."

"खरं. देवाशप्पथ खरं. पुस्तकात नाही तो."

"पुस्तकात आहे, पण ओळखू यायचा नाही. मोठ्या जातीच्या कुरवाचं वयात न आलेलं पोर आहे ते. तीन-चार वर्षं रंग बदलत राहतात. नेमकी जात मलाही इथून सांगता येणार नाही."

काका ऐकत होते. तिला माहीत नाही, असं ती त्यांना सांगत होती.

"म्हणजे आधीची सगळी नाटकं होती, हे तुला..."

"तिसऱ्या-चौथ्या फोटोतच कळलं. बाबा, ज्याला पक्षी ओळखता येत नाही, तो डोळा आणि पंखाचं टोक इतकं नेमकं टिपेल का? जी खूण बघून मी तुमची चूक काढायची, ती दर वेळी फोटोच्या मधोमध असायची. साधी चूकसुद्धा तुम्हाला वाकडी करता येत नाही."

"मग तू उत्तरं का देत राहिलीस?"

तिकडे वारा घोंघावत होता.

"दुसरं काही विचारलंच नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

काकांनी भिंतीला हात टेकला. लिलाववाला "काका, काटा!" म्हणून ओरडत होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. किती गोष्टी विचारायच्या होत्या. छप्पर अजून गळतं का, स्वयंपाक कोण करतं, राग गेला का.

"मी येऊ का तिकडे?" त्यांनी विचारलं.

"बोट लागते तुम्हाला."

"लागू दे."

मग तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"दोन स्वेटर आणा," ती म्हणाली. "इथे वारा फार असतो."