टॉवेलाखालची वॉरंटी

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील कानिफनाथ, म्हशींचे व्यापारी. घोडेगावच्या बाजारात "कानिफनाथाची म्हैस हाय" एवढं म्हटलं की गिऱ्हाईक कासेला हात लावूनसुद्धा बघत नाही, असा त्यांचा शब्द. त्यामुळे झालंय काय, की जगातली प्रत्येक वस्तू आण्णा म्हशीसारखीच घेतात. गेल्या दिवाळीत नवा मिक्सर घेताना त्यांनी दुकानदाराला विचारलं होतं, "हा आधी कुनाकडं हुता?"

अशा माणसाबरोबर मला लॅपटॉप घ्यायला नगरला जायचं होतं. सोबत रंगनाथमामा. मामांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आईचे भाऊ असल्यामुळे त्यांना बोलवावं लागत नाही.

मामा यायचं कारण मला ठाऊक होतं. मला नगरच्या कॉलेजात बीसीएसला प्रवेश मिळाला होता, कोर्स तीन वर्षांचा. आणि नेमकं त्याच आठवड्यात मामांनी चाकणच्या कंपनीतल्या एका मुलाचं स्थळ आणलं. "पोरगं थांबायला तयार हाय, पन एकच वर्ष," हे मामांचं येता-जाता पालुपद. म्हणजे एक वर्ष शिकायचं, मग बोहल्यावर चढायचं आणि उरलेलं शिक्षण सासरी. सासरी जाऊन उरलेलं शिक्षण पुरं केलेली एकही बाई मी आमच्या गावात पाहिलेली नाही. आण्णा यावर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मी विषय काढला की ते वैरण टाकायला उठायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की म्हशींचाही यायला लागला होता.

सावेडीतल्या दुकानात अंगद नावाचा टाय लावलेला सेल्समन होता. आण्णांनी हात मागे बांधून सगळ्या लॅपटॉपांसमोरून एक चक्कर मारली आणि एका काळ्या लॅपटॉपपाशी थांबले.

"ही उघडा," ते म्हणाले. तिथून पुढे तो लॅपटॉप 'ही'च राहिला.

त्यांनी तो उघडून पाहिला, मिटून पाहिला, पाठीवरून हात फिरवला, खाली वाकून कान लावला. "तापती का?"

"चार्जिंगला थोडा गरम होतो, काका."

"आन् खायाला किती लागतं?"

अंगद बिचारा मेहनती होता. त्याने बॅटरीचं सगळं समजावून सांगितलं. आण्णांची मान समाधानाने हलत होती. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात अंगद म्हणाला, "काका, कंपनीची एक वर्षाची वॉरंटी आहेच. थोडे पैसे भरले तर अजून दोन वर्षं वाढवून मिळेल, म्हणजे एकूण तीन. बिघडला तर दुरुस्ती आमच्याकडे."

आण्णांचे डोळे बारीक झाले. बाजारात कुणी न विचारता खात्रीची भाषा सुरू केली की समजायचं, ही म्हैस एकतर लाथ मारते नाहीतर पान्हा चोरते.

"खोड काय हाय हिला?"

"खोड? काही नाही काका, नवीन आहे."

"मंग दुरुस्तीचं आधीच कशाला काढलं?"

"ते सगळ्यांनाच सांगावं लागतं."

"म्हंजे समद्यांतच खोड हाय."

अंगदने इथे गप्प बसायला हवं होतं. पण तो म्हणाला, "तसं नाही काका, पहिल्या वर्षी सहसा काही होत नाही. पुढच्या दोन वर्षांतच बिघडतात."

"ऐकलं का रंगनाथ? ह्याला समदं ठाऊक हाय! आन् वर आपल्याकडनंच पैसे मागतोय! आरं, मी दिलेल्या म्हशीनं लाथ मारली तर मी परत घेतो. त्याचे कधी गिऱ्हाइकाकडनं पैसे घेतले न्हाई."

खरं सांगायचं तर यात चुकीचं काही नव्हतं. मीही ती वॉरंटी नकोच म्हणणार होते, कारण मैत्रिणींनी आधीच बजावलं होतं. पण मामा मध्ये पडले.

"दाजी, कशाला पायजे तीन वर्ष? फुकटचं एक वर्ष बास झालं. वर्षानं हिचं लगीन. म्होरं बिघडली तर जावई बघंल की!"

मी आण्णांकडे पाहिलं. ते नाही म्हणाले नाहीत.

"आण्णा, तीन वर्षांची घ्या," मी म्हणाले.

"आगं, लुटतोय तो."

"लुटू द्या. तीन वर्षांची घ्या."

"एक बास हाय!" मामा माझ्याकडे बघत म्हणाले. त्यांना कळलं होतं.

"तीन!"

"एक!"

अंगद आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होता. त्याला वाटत होतं, आम्ही लॅपटॉपबद्दल बोलतोय.

आण्णांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि अंगदचा हात धरून त्यावर टाकला.

बाजारात सौदा तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबतात, म्हणजे शेजारी उभा असलेल्याला आकडा कळत नाही. आमच्याकडे हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. अंगदच्या मात्र बापजन्मात कुणी असा हात धरला नसावा. त्याचा चेहरा पांढरा पडला. शेजारच्या काउंटरवरच्या मुलीने मोबाईल काढला. टॉवेलाखाली काहीतरी हलत होतं आणि आण्णा आपला काही संबंधच नाही अशा थाटात छताकडे बघत होते. मामांनी मान लांब करून पाहिली, पण टॉवेलाखालचं कुणाला दिसतंय!

"काका, तुम्ही माझी तीन बोटं दाबताय," अंगद मोठ्याने म्हणाला.

"गप. कळलं न्हवं?"

"तीन म्हणजे... तीन वर्षं? वॉरंटी तीन वर्षांची करायची का?"

सगळ्या दुकानाने ऐकलं. आण्णांनी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं व्यापार केला, पण त्यांचा सौदा असा कुणी चव्हाट्यावर मांडला नव्हता.

"दाजी!" मामा ओरडले. "आवो, मंग चाकनच्या पोराला काय सांगू?"

आण्णांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "टाक," ते अंगदला म्हणाले, आता मोठ्याने. "तीन वर्ष."

"बिलावर नाव?"

"ज्ञानेश्वरी."

"पूर्ण सांगा, काका. वॉरंटीसाठी पूर्ण नाव लागतं. मध्येच बदललं तर घोळ होतो."

मामांना तेवढीच आशा वाटली. "नुसतं ज्ञानेश्वरी ऱ्हाऊ द्या. आडनावाची जागा मोकळी सोडा."

आण्णा काउंटरवर वाकले आणि तलाठ्याला सांगतात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ज्ञानेश्वरी. कानिफनाथ. दहातोंडे. आन् तीन वर्ष हेच ऱ्हानार हाय, त्याची खात्री मी देतो."

मी तिथेच त्या गार एसीत ढसाढसा रडायला लागले. अंगद घाबरला. "ताई, रडू नका. नको असेल तर आत्ता कॅन्सल करतो."

"कॅन्सल करून तर बघ," मी म्हणाले.