उभ्या जागी साडेपाच हजार किलोमीटर

आम्ही ॲरिझोनाला पोचलो नाही. हे एकदा सांगून टाकलं, आता तुम्ही ते ऐकलंच नाही असं समजा. कॅलवूड गावानं एक अख्खा हिवाळा तसंच समजून काढला; तुम्हाला दहा मिनिटं काढायला हरकत नसावी. तर, आम्ही ॲरिझोनाला निघालो आहोत.

मित्रांनो, मी एक जुनी मोटरहोम आहे. म्हणजे चाकांवरचं घर. जन्म १९९१ सालचा. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटात एक पलंग, दोन शेगड्या, कपाटाएवढी न्हाणी आणि भिंतीवर ताडाच्या झाडांचं चित्र होतं. ते चित्र पाहून मला वाटलं, आपला जन्म उन्हासाठी आहे. पहिल्या मालकानं, एका दातांच्या डॉक्टरनं, मला दोनदा मासे धरायला नेलं आणि मग बारा वर्षं माझ्यात बटाटे ठेवले. बटाट्यांविषयी माझी तक्रार नाही. ते कुठे जायच्या गप्पा मारत नसत.

मग मला वॉली प्रोकोपचुकनं घेतलं. वॉली उत्तरेकडच्या सस्कॅचवान प्रांतातल्या कॅलवूडच्या धान्यकोठारावर चाळीस वर्षं कामाला होता आणि त्याची बायको ऑड्रा गावच्या पोस्टात एकतीस वर्षं खिडकीत बसत होती. पोस्टाचं दार सारखं उघडे आणि दर वेळी उणे तीसची हवा आत येऊन थेट तिच्या हातांवर बसे. त्यामुळे तिच्या बोटांना एक खोड लागली. गारठा लागला की ती खडूसारखी पांढरी पडत आणि तासभर तिचं ऐकत नसत. डॉक्टरनं सांगितलं होतं, निदान एक हिवाळा उबेत काढा, नाहीतर एखादं बोट हातचं जाईल. ऑड्राला आयुष्याकडून तेवढंच हवं होतं. बिनहातमोज्यांचा एक हिवाळा. तिनं उन्हाळी सँडल घेतले आणि किमतीच्या चिठ्ठीसकट माझ्या पलंगाखालच्या खणात ठेवले.

पहिल्यावहिल्या प्रवासाची तयारी वॉलीनं चार वर्षं केली. तो रविवारी मला धुई, नकाशावर खाली दक्षिणेला, उन्हाच्या ॲरिझोनापर्यंत लाल रेघ ओढी आणि रोज सकाळी किराणा दुकानातल्या कॉफीच्या टेबलाशी बसून ती रेघ सगळ्यांना दाखवी. कॅलवूडमध्ये कोर्ट नाही, वर्तमानपत्र नाही; ते टेबल आहे. चार वर्षं टेबलानं ती रेघ पाहिली. मग टेबलानं विचारायला सुरुवात केली, की वॉली, रेघ पुसट झाली असेल, नवा पेन देऊ का?

म्हणून आम्ही निघालो. माझे पाण्याचे नळ मार्व फ्रीजननं पाहिले. मार्व गावचा मेकॅनिक आणि वॉलीचा शाळेपासूनचा मित्र. हिवाळ्यात नळ फुटू नयेत म्हणून त्यांत एक गुलाबी औषध भरतात. ते भरून मार्वनं बजावलं, की बर्फाचा मुलूख मागे पडेपर्यंत टाकीत पाणी घालू नकोस. पुढच्या केबिनचा हीटर गळतोय, तोही करून देतो, असं तो म्हणाला. वॉली म्हणाला, जिथे जातोय तिथे हीटर लागतो होय? मार्वनं तेल बदललं, मीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून माझ्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवला आणि सांगितलं, एप्रिलमध्ये परत आलास की पुढचं तेल.

आदल्या रविवारी सभागृहात गावजेवण झालं. पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, टर्की आणि केकवर साखरेचं निवडुंग. वॉलीनं भाषणात सांगितलं, की उद्या दुपारी आम्ही हायवेवर चालत्या गाडीत गरम पाण्यानं अंघोळ करू. हे बोलून बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की अंघोळीला पाणी लागतं.

त्यानं सकाळी टाकी भरली. बाहेर उणे चोवीस होतं. सगळं गाव हात हलवायला रस्त्यावर उभं होतं. बत्तीस किलोमीटरवर माझ्या पोटातून एकामागून एक तीन आवाज आले आणि न्हाणीच्या दाराखालून पाणी आलं. थोडं पुढे येऊन ते गोठलं.

"वळव गाडी," ऑड्रा म्हणाली. "मार्व दोन दिवसांत करून देईल. गुरुवारी परत निघू."

"केक खाल्लाय त्यांनी," वॉली म्हणाला.

"मग?"

"केक खाल्लेल्या लोकांपुढे चाळीस मिनिटांत परत कसं जायचं?"

तिथून दोन शेतं पलीकडे ऑड्राचा चुलतभाऊ डेल्विन राहतो. त्याच्या ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या शेडमध्ये वॉलीनं मला घातलं. दोनच दिवस, तो म्हणाला, मीच नळ बसवतो. डेल्विननं शपथ घेतली, की तो कुणाला सांगणार नाही. त्यानं फक्त बायकोला सांगितलं.

वॉलीनं नळ बसवले. ते पुन्हा फुटले. कारण योग्य तो जोड फक्त मार्वकडे मिळत होता आणि मार्व तर आम्हाला ॲरिझोनाला पोचवून बसला होता. दोन दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचा डिसेंबर झाला. शेडमध्ये डेल्विनचा एक हीटर होता. तो माझ्या दाराशी लावून दोघं आत राहत. ऑड्रा हातमोजे घालून बटाटे सोली आणि हातमोजे घालून झोपे. गावात घर होतं, घरात ऊब देणारी भट्टी होती, किल्ली तिच्या खिशात होती. ती रोज एकदा म्हणे, वॉली, घरी जाऊ. वॉली रोज एकदा म्हणे, एप्रिल आलाच.

रोज सकाळी दहाला तो टेबलाला फोन करी. आज सव्वीस डिग्री आहे, हाफ पँटवर बसलोय, सांगे. मार्व फोन टेबलाच्या मधोमध ठेवी, म्हणजे सगळ्यांना ऐकू येई. एकदा मागून डेल्विनचा कुत्रा भुंकला. त्या कुत्र्याचा आवाज घोगरा आहे; सगळा तालुका तो ओळखतो.

"तिकडेही कुत्रे आहेत का?" मार्वनं विचारलं.

"असतात की," वॉली म्हणाला. "वाळवंटी."

टेबलानं त्या दिवशी कॉफी दोनदा भरून घेतली. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. प्रत्येकानं वॉलीला सांगितलं, की येताना ॲरिझोनाची मोसंबी आण. एकूण साठ झाली.

फेब्रुवारीत वॉली एका पहाटे दचकून उठला. त्याला काचेवरची चिठ्ठी आठवली होती. एप्रिलमध्ये मार्व मीटर पाहणार. चिठ्ठीवरच्या आकड्यापुढे मीटर फक्त बत्तीस किलोमीटर गेलं होतं.

मित्रांनो, यापुढचं मी अभिमानानं सांगत नाही. वॉलीनं माझी मागची चाकं जॅकवर उचलली, इंजिन चालू केलं आणि चाकं हवेत फिरवली. मीटर पळायला लागलं. जाऊन येऊन साडेपाच हजार किलोमीटर होत होते; त्यातून गावापासून शेडपर्यंतचे बत्तीस आणि परतीचे बत्तीस त्यानं प्रामाणिकपणे वजा केले. राहिलेले ताशी नव्वदनं, रोज साडेपाच तास, अकरा दिवस. धूर कोंडू नये म्हणून शेडचं मोठं दार सताड उघडं. एकुलता एक हीटर वॉलीनं जॅकपाशी ठेवला, कारण जॅक गारठून सरकला तर सगळंच संपलं असतं. जॅकवर लक्ष ठेवायला माणूस लागतो म्हणून तो स्वतः हीटरपाशी बसला. ॲक्सिलरेटर दाबायला ऑड्रा.

केबिनचा हीटर, तुम्हाला आठवत असेल, ॲरिझोनात लागत नाही.

पहिल्या दिवशी तिनं हात मांडीखाली घेतले. खालून वॉली ओरडला, की स्टिअरिंग धर, हायवेवर हात सोडतात का? पुढची चाकं जमिनीवर स्वस्थ होती. तिनं स्टिअरिंग धरलं. का धरलं, हे मला आजही कळलेलं नाही. मला वाटतं, त्या अकरा दिवसांत तिला कुठेतरी जायचं होतं, आणि तेवढाच एक रस्ता मिळाला होता.

वॉली मांडीवर नकाशा घेऊन गावं सांगत होता. हे माँटाना. डावीकडे डोंगर बघ. ऑड्रा डावीकडे बघे. डावीकडे डेल्विनचा नांगर होता. सहाव्या दिवशी दुपारी त्यानं जाहीर केलं, की पोचलो, आली ॲरिझोना, उतर. बाहेर उणे एकतीस होतं. ती उतरली नाही. तिच्या बोटांनी स्टिअरिंग सोडलं नव्हतं. वॉलीनं वर येऊन एकेक बोट उचकटून मोकळं केलं. उजवी करंगळी मेणबत्तीसारखी झाली होती. दोन दिवसांनी ती काळी पडली.

परतीचा प्रवास ऑड्रानं डाव्या हातानं केला.

एप्रिलमध्ये आम्ही गावात शिरलो. डेल्विनच्या कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायच्या दिव्याखाली बसून वॉलीनं तोंड रापवून घेतलं होतं. दिवा एकच असल्यामुळे डावी बाजूच रापली. साठ मोसंबी शहरातल्या दुकानातून डेल्विननं आणली होती आणि प्रत्येकावरचं दक्षिण आफ्रिकेचं स्टिकर ऑड्रानं नखानं काढलं होतं. नखं तिला नऊ उरली होती. करंगळीचं टोक शहरातल्या डॉक्टरनं मार्चमध्येच काढलं होतं.

गावानं तोंडभर स्वागत केलं. मोसंबी हुंगली. वॉलीच्या डाव्या गालाची तारीफ केली. मग मार्वनं माझं तेल बदललं, मीटर पाहिलं, चिठ्ठी पाहिली आणि कागदावर वजाबाकी केली.

"साडेपाच हजार. बरोबर साडेपाच हजार," तो म्हणाला. "चार महिन्यांत दूध आणायलासुद्धा गाडी काढली नाहीस, वॉली?"

वॉली म्हणाला, दूधवाला यायचा. टेबलावरची दोन माणसं गॅरेजमध्ये उगाच उभी होती, ती छताकडे पाहायला लागली.

ऑड्रा हसली नाही. तिनं विचारलं, "तुला केव्हा कळलं, मार्व?"

"काय?"

"मार्व."

मार्वनं हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. "तिसऱ्या दिवशी."

"नळाचं काम किती होतं?"

"दोन तासांचं."

"मग आला का नाहीस?"

"वॉलीला वाईट वाटलं असतं," मार्व म्हणाला.

ऑड्रानं उजव्या हाताचा मोजा काढून हात त्याच्या कामाच्या टेबलावर, पान्यांच्या शेजारी ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मोजा घातला आणि चालत घरी गेली.

वॉलीनं मला अंगणात लावलं नाही. अंगणात मी रोज दिसले असते. त्यानं मला डेल्विनच्या शेडमध्ये परत ठेवलं. ऑक्टोबरात ऑड्रा एकटी आली. तिनं खणातून सँडल काढले, माझ्या स्टिअरिंगकडे एकदा पाहिलं, शिवलं नाही, आणि हायवेवर जाऊन ॲरिझोनाची बस पकडली. ती खरोखर गेली. मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे दिव्यांनी, आणि शेडच्या फटीतून.

गावात वॉलीला विचारलं गेलं, ऑड्रा कुठेय? तो म्हणाला, ॲरिझोनाला.

टेबलानं कप खाली ठेवले. गेल्या हिवाळ्यातलं करंगळीचं प्रकरण टेबलाला लागलं होतं. हसणं त्यांनी ठरवून बंद केलं होतं. मार्व हळूच म्हणाला, "बरं बरं. ॲरिझोनाला."

"अरे, खरंच गेलीय."

"आम्ही कुठे नाही म्हणतोय."

पत्र आलं. निवडुंगाचं चित्र, मागे ॲरिझोनाचा शिक्का, 'हातमोजे फेकले' एवढाच मजकूर. पत्र टेबलाभोवती हातोहात फिरलं. सगळ्यांनी शिक्का निरखला आणि सगळ्यांचं एकमत झालं, की एकतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला शिक्का मारता येणारच. किती सुबक मारलाय, म्हणाले. बिचारी.

या वेळी गाव चुकणार नव्हतं. लोक बत्तीस किलोमीटर गाडी हाकून शेडपाशी येऊ लागले. मार्व येऊन माझे तिन्ही नळ आणि केबिनचा हीटर दुरुस्त करून गेला. दोन तास लागले. बायका माझ्या पायरीवर कोबीचे रोल, सूप, लोकरी हातमोजे ठेवून जातात आणि दाराशी तोंड नेऊन सांगतात, की ऑड्रा, आम्ही काही बघितलं नाही हं. सूप पाच मिनिटांत दगड होतं. माझ्यात आता उंदीर राहतात. हातमोजे त्यांनी नेले.

वॉलीला सुरुवातीला राग यायचा. मग तो नुसता मान हलवायला लागला. सारं गाव एक सांगतं आणि आपण एकटे दुसरं, असं किती दिवस चालणार? काल दुपारी तो स्वतः आला. माझं दार ठोठावलं. किती तरी वेळ ठोठावत होता.

"ऑड्रा," तो म्हणाला, "पुरे झालं आता. बाहेर ये. घरी जाऊ."

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी त्याला खरं सांगितलं असतं. मग वाटलं, त्याला वाईट वाटलं असतं.

तर तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर थंडीत तिच्या टाकीत पाणी भरू नका. आणि कुणी माणूस शेडमध्ये बसलाय हे तुम्हाला माहीत असेल, तर तिसऱ्या दिवशी जाऊन दार वाजवा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या. माझी एवढी विनंती तुम्हाला. दुसरी विनंती सरकारला आहे, ती अशी:

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी, सस्कॅचवान प्रांत.

विषय: न केलेला प्रवास रद्द करण्याबाबत.

महोदय,
माझ्या मीटरवरील पाच हजार चारशे छत्तीस किलोमीटर जागेवरून न हलता झालेले आहेत. तरी ते वजा करावेत. नियमात बसत नसल्यास तेवढे अंतर मला रस्त्यावर प्रत्यक्ष चालवून घ्यावे. चालक म्हणून श्रीमती ऑड्रा प्रोकोपचुक यांचीच नेमणूक व्हावी. नेमणुकीपूर्वी त्यांच्या उजव्या करंगळीचे टोक त्यांना परत देण्यात यावे.

सोबत: मोसंबीवरील स्टिकर, साठ नग.

कळावे,
अर्जदार, शेडमध्ये.