धीट करण्याची शिकवणी

चिमणी अकरा वर्षांची झाली तरी चारचौघांत तिचा आवाज फुटत नसे. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करायची नाही, पाहुणे आले की दाराआड जायची. वडिलांचं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं. काच कापता कापता ते गिऱ्हाइकालाही ऐकवायचे, "पोरगी हुशार आहे हो, पण कायम तोंडात मिठाची गुळणी!"

आई एका शिंप्याकडे काज-बटणं करायची. तिथल्या एका बाईनं तिला दवाखान्याच्या माडीवरच्या शिकवणीबद्दल सांगितलं. मुलांना धीट करतात म्हणे. आईनं नवऱ्याच्या मागे लागून चिमणीचं नाव घातलं.

शिकवणीच्या बाई पूर्वी नाटकात कामं करत. त्या मुलांना समोरासमोरच्या भिंतींना टेकून उभं करायच्या आणि या टोकाचं त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायला लावायच्या. सुरुवातीला चिमणी नुसती रडली. मग एकदा जिन्यात वाट बघत बसलेल्या आईला आतून आवाज आला, "थांबा. मला हे आवडत नाही." आपलीच लेक बोलतेय हे कळायला तिला एक क्षण लागला.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "समोर कोणी का असेना. ओरडायचं नाही, रडायचं नाही, मान खाली घालायची नाही."

पुढच्या रविवारी मोठे काका सहकुटुंब जेवायला आले. दुकान त्यांच्या नावावर होतं, त्यामुळे ते आले की वडील खुर्ची सोडून उभे राहत. काकांनी नेहमीसारखा चिमणीचा कान पिरगळला. "काय गं मुके, आज तरी तोंड उघडणार का?" सगळे हसले.

चिमणीनं त्यांचा हात बाजूला केला. "काका, माझा कान ओढू नका. आणि मला मुकी म्हणू नका. मला आवडत नाही."

हसू जागच्या जागी थिजलं. काकांनी समोरचं ताट दूर सरकवलं. "वा! छान वळण लावलंत."

"माफी माग," वडील म्हणाले.

"मी काय चुकीचं बोलले?"

"माफी माग म्हणतोय ना!"

चिमणीनं आईकडे पाहिलं. आई हातातल्या भातवाढीकडे बघत होती. "माग बाळा," ती म्हणाली. "मोठे आहेत ते."

चिमणीनं माफी मागितली. काकांनी ताट परत ओढलं आणि ते पोटभर जेवले.

वडिलांनी शिकवणी बंद केली नाही, कारण तिथल्या मुलांचा भाषणांचा कार्यक्रम जवळ आला होता. चिमणी त्यात आत्मविश्वासावर बोलली, एकदाही न अडखळता. टाळ्यांचा कडकडाट झाला. माइकसमोरचा तिचा फोटो वडिलांनी चांगल्या लाकडात बसवून दुकानात लावला. आता ते गिऱ्हाइकांना तो दाखवू लागले.

काही महिन्यांनी शाळेतून बोलावणं आलं. वर्गातल्या मुलींनी ढकलल्यामुळे चिमणीचा चष्मा फुटला होता. बाकीचंही तेव्हाच बाहेर आलं. त्या रोज तिचा डबा काढून घ्यायच्या, मधल्या सुट्टीत तिला संडासात कोंडायच्या.

"हिनं आम्हाला कधी सांगितलंच नाही," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "आणि स्टेजवर तर किती छान बोलते!"

आई तिला थेट चष्म्याच्या दुकानाकडे घेऊन निघाली.

"मला तरी सांगायचं होतंस गं."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" चिमणीनं विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

आईनं चिमणीचा हात धरला. चिमणीनं तो सोडवला नाही, पण घट्टही धरला नाही.

दुकानदारानं काचेवर तीन-चार फ्रेमा मांडल्या. "बोल बेटा, कोणती आवडली?"

चिमणीनं पहिल्या फ्रेमवर बोट ठेवलं.

"नीट बघून सांग की," आई म्हणाली. "तुला हवी ती घेऊ."

"कोणतीही चालेल," चिमणी म्हणाली.