एका वस्तीचा एक माणूस

वामनराव मास्तरांनी फळ्यावरचं ‘खुली चर्चा’ पुसून टाकलं आणि तिथं ‘प्रश्न चिठ्ठीने’ असं लिहिलं. त्याच्या वर आधीच लिहिलेलं होतं : एका वस्तीचा एक वक्ता, प्रत्येकी दहा मिनिटं.

सरकारी विहीर एकच मंजूर झाली होती आणि वस्त्या तीन होत्या. गाव, बौद्ध वस्ती आणि टेकडीमागचा बंजाऱ्यांचा तांडा. मागच्या सभेत सगळे एकदमच बोलायला उठले, काठ्या निघाल्या, एकाचं डोकं फुटलं. या खेपेला नेरहून पंचायत समितीचे साहेब येणार होते. सभा कशी घ्यायची ते मास्तरांनीच ठरवावं, असं सरपंच म्हणाले होते.

दारात तांड्यावरची जमनाबाई येऊन उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी नाल्यातल्या वाळूत खणलेल्या झिऱ्यात पाणी भरताना वाळूची दरड कोसळली आणि तिची मुलगी जमनी त्या दरडीखाली गाडली गेली.

“मास्तर, मले सभेत बोलाचं हाय.”

“तांड्याकडून खेमसिंग नाईक बोलणार आहेत.”

“नाईक जमनीचं काढत नाई. म्हन्ते, सायबापुढं रडनं नोको.”

“मग चिठ्ठी टाका.”

“लिवता कुठी येते मले?”

मास्तरांनी कागद ओढला. ती उंबऱ्यावर बसून बोलत राहिली. मराठीतून सुरू झालेलं बोलणं मध्येच बंजाऱ्यांच्या गोरबोलीत शिरायचं. मास्तरांना अर्धं कळलं, अर्धं नाही. त्यांनी एक ओळ लिहून कागदाची घडी घातली.

“एवढ्यात मावलं सारं?” तिनं विचारलं.

मास्तर दौतीचं झाकण लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात सभा शांतपणे चालली. खेमसिंगानं तांड्यातली घरं सांगितली, जनावरं सांगितली आणि पाच मिनिटांत खाली बसला. मग मास्तर डब्यातून एकेक चिठ्ठी काढून वाचू लागले.

“तांड्यापासून पिण्याचे पाणी किती अंतरावर आहे?”

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. “नाला पाऊण मैल. फार नाही. पुढची?”

मास्तरांनी बायकांकडे पाहिलं. जमनाबाई मान पुढं काढून डब्याकडे बघत होती. आपली चिठ्ठी वाचून झाली हे तिला कळलंच नव्हतं. ती अजून वाट पाहत होती.

मास्तरांचा हात डब्यातच राहिला.

“साहेब, आताचा प्रश्न मी नीट लिहिला नाही. ज्यांचा आहे त्याच बोलतील. जमनाबाई, उठा.”

“मास्तर!” खेमसिंग ताडकन उभा राहिला. “एका वस्तीचा एक मानूस, हे तुमीच ठरोलं ना?”

“मीच ठरवलं होतं.”

मागं कुजबुज वाढली. भिंतीशी टेकलेले दोघं-तिघं सरळ झाले. मास्तरांनी डबा बाजूला ठेवला आणि जमनाबाईला पुन्हा उठायची खूण केली.

जमनाबाई उठली. दोन वाक्यं मराठीत बोलली आणि मग तिच्या बोलीत बोलू लागली, आवाज न चढवता. तांड्यावरच्या बायकांनी पदर तोंडाशी नेले. गावची माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

“काय म्हणतात त्या?” साहेबांनी विचारलं.

“मला अर्धंच कळतं, साहेब. नाईकांना विचारा.”

 खेमसिंग खाली बघत म्हणाला, “ती म्हन्ते, तिची पोरगी...”

तो अडखळला. जमनाबाईनं तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं. खेमसिंगानं मान हलवली.

“माही पोरगी सात वर्साची होती, सायेब,” तो तिच्याच शब्दांत म्हणाला. “आमी हातानं वाळू उकरली. ती सापडली तवा तिच्या मुठीत लोटा तसाच होता.”